रॉबर्ट गिल

रॉबर्ट गिल (जन्म : २६ सप्टेंबर १८०४, मृत्यू : १० एप्रिल १८७९) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील अधिकारी, चित्रकार व छायाचित्रकार होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रमाणावर प्रतिकृती करणारे ते पहिले चित्रकार होत. १८४४ मध्ये त्यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले आणि त्यानंतरचे जवळजवळ सर्व आयुष्य त्यांनी अजिंठा व आसपासच्या प्रदेशात घालविले. माती, दगड, चुना आणि काजळी यांपासून सिद्ध केलेल्या पंधराशे वर्षांपूर्वीच्या रंगांचा अनुवाद त्यांना एकोणिसाव्या शतकातील तैलरंगांत करावा लागला. त्यांनी लंडनला पाठविलेली बहुतेक चित्रे १८६६ च्या आगीत भस्मसात झाली. जी मोजकी उरली, ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

महाराष्ट्रात गिल यांचे नाव मुख्यतः पारो या स्थानिक स्त्रीशी असलेल्या त्यांच्या संबंधामुळे ओळखले जाते. त्या कथेच्या छायेत त्यांचे चित्रकार म्हणून असलेले कार्य काहीसे झाकले गेले आहे.

पार्श्वभूमी

अजिंठ्याची लेणी वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर, बेसाल्टच्या उभ्या कड्यात कोरलेली आहेत. क्रमांक ९ व १० ही चैत्यगृहे इसवी सनापूर्वीच्या काळातील असून सर्वांत प्रसिद्ध चित्रे असलेली १, २, १६ व १७ ही लेणी पाचव्या शतकातील, म्हणजे वाकाटक काळातील आहेत. वाकाटकांची एक शाखा नागपूरजवळच्या नंदिवर्धन येथून, तर दुसरी वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशिम येथून राज्य करीत होती. सोळाव्या लेण्यातील शिलालेखावरून ते लेणे वत्सगुल्म शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने करविले, हे निश्चित होते. नागपूरचे संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांचे कोरीव लेख संपादित करून हा इतिहास सुसंगतपणे मांडला. अजिंठा आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असला, तरी त्याच्या निर्मितीचे धागे असे विदर्भापर्यंत पोहोचतात.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने ही लेणी पाहिली आणि त्यानंतर युरोपीय अभ्यासकांचे त्यांकडे लक्ष गेले. स्थानिक लोकांना ती ठाऊक होतीच. बाहेरच्या जगाला ती ज्ञात होताच एक नवे संकट ओढवले. पावसाचे झिरपणारे पाणी, वटवाघळे, कीटक आणि धूर यांनी चित्रांची झीज चालविलेली होतीच. आता हौशी प्रवासी आठवण म्हणून भिंतीवरील चेहरेही खरवडून नेऊ लागले. वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील लेण्यांविषयी निबंध वाचला. चित्रे पूर्णपणे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या विश्वासार्ह प्रती करून घ्याव्यात, असा आग्रह या प्रयत्नामागे होता. सोसायटीने तो विषय कंपनीच्या संचालकांपुढे नेला आणि त्यातून मद्रास सैन्यातील एका कॅप्टनची या कामासाठी निवड झाली. ते कॅप्टन म्हणजे रॉबर्ट गिल.

पूर्वायुष्य

गिल यांचा जन्म इंग्लंडमध्ये झाला. १८२४ च्या सुमारास ते कंपनीच्या मद्रास सैन्यात दाखल झाले आणि पायदळाच्या ४४ व्या पलटणीत अधिकारी झाले. १८४१ मध्ये मद्रास येथे त्यांचा विवाह झाला. त्या काळी सैनिकी अधिकाऱ्याला नकाशे काढणे व दृश्ये रेखाटणे अवगत असणे उपयोगाचे मानले जाई. गिल यांचा हात या कलेत चांगला बसलेला होता आणि त्यामुळेच चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले. पुढे त्यांना मेजरची श्रेणी प्राप्त झाली. मात्र, सैनिक म्हणून मिळविलेल्या कीर्तीपेक्षा लेण्यांच्या अंधारात केलेल्या कामामुळेच त्यांचे नाव राहिले.

अजिंठ्यातील वास्तव्य

त्या काळी अजिंठा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. गिल यांचा मुक्काम अजिंठा गावातील बारादरीत असे. लेणी तेथून घाटाखाली, सुमारे अकरा किलोमीटर अंतरावर आहेत. आजूबाजूला दाट जंगल होते आणि त्यात वाघांचा वावर होता. गिल हे स्वतः पट्टीचे शिकारी होते. पावसाळ्यात वाट बिकट होई, उन्हाळ्यात दरी तापे. लेण्यांच्या आत उजेडाचा प्रश्न तर कायमचाच होता. द्वारातून येणारा प्रकाश गाभाऱ्याकडे जाताना क्षीण होत जातो आणि चित्रे तर सर्व भिंतींवर, खांबांवर व छतांवर पसरलेली आहेत. दिव्याच्या पिवळ्या उजेडात निळा रंग काळपट व पांढरा रंग पिवळसर भासतो. त्यामुळे रंग पारखणे हेच मुळात कसोटीचे काम होते.

अशा परिस्थितीत गिल यांनी कापडावर मोठ्या आकाराची तैलचित्रे रंगविली. सुटी आकृती निवडून तिचे रेखाटन करणे तुलनेने सोपे असते. गिल यांनी तसे न करता संपूर्ण प्रसंग, त्यांतील माणसांची दाटी, प्रासाद, हत्ती, घोडे आणि झाडे यांसह उतरविण्याचा प्रयत्न केला. जातककथांची ओळख त्या वेळी अभ्यासकांना पुरेशी झालेली नव्हती. आपण कोणती कथा रंगवीत आहोत, हे चित्रकाराला ठाऊक नसतानाही त्याला प्रत्येक हातवारा आणि प्रत्येक दृष्टिक्षेप जसा आहे तसा टिपावा लागत होता. तयार झालेली चित्रे टप्प्याटप्प्याने लंडनला रवाना होत गेली. हे काम १८६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत, म्हणजे सुमारे दोन दशके चालले.

भिंतीवरील मूळ रंग

गिल यांच्यापुढील अडचण समजून घेण्यासाठी अजिंठ्याची चित्रे कशी घडली, हे पाहणे आवश्यक आहे. लेण्यांच्या खडबडीत भिंतीवर प्रथम लोहयुक्त माती, दगडाची भुकटी, वाळू, भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा देण्यात आला. त्यावर चुन्याचा पातळ थर देऊन पृष्ठभाग गुळगुळीत करण्यात आला आणि तो सुकल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालविलेले रंग लावण्यात आले. ओल्या चुन्यावर रंग लावण्याची इटालियन फ्रेस्को पद्धती येथे नाही. इंग्रजी ग्रंथांतून या चित्रांना सर्रास फ्रेस्को म्हटले गेले; पुढील रासायनिक तपासणीने ती कोरड्या गिलाव्यावरील टेम्परा पद्धतीची चित्रे असल्याचे सिद्ध झाले.

रंगद्रव्येही मोजकीच होती. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती, हिरव्यासाठी हिरवी माती, काळ्यासाठी दिव्याची काजळी आणि पांढऱ्यासाठी चुना, जिप्सम व पांढरी माती. गेरू व पिवळी माती ही दोन्ही लोहाची संयुगे असून पिवळी माती भाजली की तिचा रंग तांबडा होतो. हिरवी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत सापडणाऱ्या खनिजापासून मिळते. म्हणजे चित्रकाराचा बहुतेक सारा रंगसाठा लेणी कोरलेल्या खडकाच्या परिसरातच उपलब्ध होता.

याला एकच मोठा अपवाद होता, तो निळ्या रंगाचा. तो लाजवर्द या दगडापासून तयार होत असे आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येई. नवव्या व दहाव्या लेण्यांतील प्राचीन चित्रांत हा निळा आढळत नाही. वाकाटक काळातील चित्रांत मात्र तो ठळकपणे दिसतो. हजारो मैलांवरून आलेला हा रंग त्या काळच्या व्यापाराचा आणि आश्रयदात्यांच्या संपन्नतेचा पुरावाच होय.

पर्यायी रंगांचा प्रश्न

गिल अजिंठ्यास आले, तेव्हा युरोपातील रंगांचा व्यवसाय झपाट्याने बदलत होता. १८०२ मध्ये तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कोबाल्टपासून निळा रंग सिद्ध केला होता. क्रोमियमपासून झगझगीत पिवळे रंग मिळू लागले होते. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये गीमे व जर्मनीत ग्मेलिन यांनी लाजवर्दातील निळ्या रंगद्रव्याची कृत्रिम निर्मिती साध्य केली. पूर्वी सोन्याच्या तोलाने विकला जाणारा निळा त्यामुळे सामान्य चित्रकाराच्या आवाक्यात आला. हाच कृत्रिम अल्ट्रामरीन पुढे पांढरे कपडे उजळविण्याच्या निळीच्या रूपाने भारतातील घरोघरी पोहोचला. झाडापासून मिळणारी नीळ ती वेगळी. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने धातूच्या मुडपता येणाऱ्या नळीचा शोध लावला. त्यापूर्वी घोटलेला तैलरंग जनावरांच्या मूत्राशयापासून केलेल्या पिशवीत साठवीत. ती फोडली की रंग लवकर वाळत असे. नळीमुळे तैलरंग दूरच्या प्रवासाला नेणे सुकर झाले. गिल यांची नियुक्ती त्यानंतर तीनच वर्षांनी झाली.

मात्र प्रश्न केवळ रंगद्रव्याचा नव्हता. तेच रंगद्रव्य सरसात कालविले आणि जवसाच्या तेलात घोटले, तर डोळ्यांना दोन भिन्न रंग दिसतात. सरस वाळला की कणांच्या दरम्यान हवा राहते, प्रकाश त्यांवरून विखुरतो आणि पृष्ठभाग मंद, चकाकीविरहित व फिकट दिसतो. तेल मात्र सर्व फटी भरून काढते. चुना, जिप्सम व पांढरी माती यांचा आणि तेलाचा प्रकाश वळविण्याचा गुण जवळजवळ सारखा असल्याने तेलात ही पांढरी द्रव्ये पारदर्शक व मळकट होतात. भिंतीवर शुभ्र दिसणारा रंग तेलात निरुपयोगी ठरतो तो यामुळे. म्हणून तैलचित्रकारांना शिशापासून केलेल्या सफेद्याचा आधार घ्यावा लागे. हिरवी माती तेलात दुबळी व पारदर्शक होते. लाजवर्द तेलात गडद, काळसर बनतो आणि त्यात सफेदा मिसळल्याशिवाय त्याचे तेज प्रकट होत नाही.

याचा अर्थ असा की, अजिंठ्याच्या चित्रकाराने वापरलेलीच माती गिल यांनी दरीतून वेचून तेलात घोटली असती, तरीही भिंतीवरील रंग कापडावर उतरला नसता. द्रव्य तेच ठेवले तर दृश्य बदलते आणि दृश्य तेच ठेवायचे तर द्रव्य बदलावे लागते, असा हा पेच होता. तैलरंगाने काम करणाऱ्या प्रतिकृतिकाराला दुसरा मार्ग स्वीकारणे भाग होते.

तैलरंगाचे लाभही होते. लांबच्या समुद्रप्रवासात गुंडाळी करून नेल्यावर सरसाचा किंवा गोंदाचा रंग भेगाळण्याची, ओलाव्याने विरघळण्याची भीती असते. तैलरंग त्या मानाने लवचीक व टिकाऊ असतो. तो सावकाश वाळत असल्याने चेहऱ्यावरील छायाप्रकाशाची सूक्ष्म मिळवणी करता येते. शिवाय लंडनच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने तैलचित्र हेच प्रतिष्ठेचे चित्र होते. पण जवसाचे तेल कालांतराने पिवळे पडते, गडद होते आणि त्यावरील चकाकीमुळे अजिंठ्याच्या मंद, मातकट पृष्ठभागाचा प्रत्यय येत नाही. अजिंठ्याच्या चित्रांचा प्राण रेषेत आहे. तैलरंगाचा स्वभाव रेषेपेक्षा छटांकडे झुकणारा आहे. त्यामुळे तैलप्रतिकृतींत आकृती युरोपीय वळणाच्या घनतेकडे कलतात, हा दोष गिल यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या तैलप्रतिकृतींतही अभ्यासकांना जाणवतो.

पारो

अजिंठा गावात पारो हिची कबर असून तिच्यावर २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख व गिल यांचे तिच्यावर प्रेम असल्याचा निर्देश इंग्रजीत कोरलेला आहे. गिल व पारो यांच्या सहजीवनाविषयीचा हा सर्वांत भक्कम पुरावा होय. पारो ही लेण्यांच्या परिसरातील स्थानिक तरुणी होती आणि गिल यांच्या कामात तिचे साहाय्य होते, असे परंपरेने सांगितले जाते. चित्रांसाठी लागणारे पाने-फुलांचे व मातीचे रंग ती गिल यांना आणून देई, असाही एक लोकप्रिय समज आहे. गिल यांच्या उपलब्ध प्रतिकृती तैलरंगातील आहेत, हे लक्षात घेता तो कथेचा भाग म्हणूनच पाहावा लागतो. तथापि, एका इंग्रज अधिकाऱ्याने त्या काळात स्थानिक स्त्रीची कबर बांधून तिच्यावर आपल्या प्रेमाचा उल्लेख कोरविला, ही गोष्ट स्वतःच पुरेशी बोलकी आहे. कथेतील अलंकार बाजूला ठेवले, तरी तिचे सत्य उणे होत नाही.

छायाचित्रण

१८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात गिल छायाचित्रणाकडे वळले. दोन किंचित भिन्न कोनांतून घेतलेली चित्रे विशिष्ट भिंगांतून एकत्र पाहिल्यावर खोलीचा भास निर्माण करणाऱ्या त्रिमितीय छायाचित्रांचे तंत्र त्यांनी आत्मसात केले. १८६४ मध्ये फर्ग्युसन यांच्या लेखनासह त्यांच्या छायाचित्रांचे दोन ग्रंथ लंडन येथे प्रसिद्ध झाले. ‘द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात अजिंठा व वेरूळ येथील ७४ छायाचित्रे आहेत. ‘वन हंड्रेड स्टिरिओस्कोपिक इलस्ट्रेशन्स ऑफ आर्किटेक्चर अँड नॅचरल हिस्टरी इन वेस्टर्न इंडिया’ हा दुसरा ग्रंथ वास्तू व निसर्ग या दोहोंविषयी आहे.

विदर्भाच्या दृष्टीने गिल यांचे हे कार्य विशेष मोलाचे आहे. लोणारची मंदिरे आणि रोहिणखेडची मशीद यांसारख्या आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील वास्तूंची छायाचित्रे त्यांनी घेतली. वऱ्हाडातील या स्थळांची ही अगदी आरंभीची छायाचित्रे होत.

छायाचित्राने गिल यांच्या मूळ प्रश्नाचे एक अंग सोडविले व दुसरे सोडून दिले. चित्रकाराच्या हाताने होणारी चूक छायाचित्रात टळली, खांबावरील नक्षी तंतोतंत उतरली. परंतु त्या काळच्या छायाचित्रात रंग नव्हता. शिवाय तेव्हाच्या काचांवरील रसायन निळ्या रंगाला अधिक व तांबड्या-पिवळ्या रंगांना अगदी कमी प्रतिसाद देत असे. त्यामुळे गेरूच्या छटांनी भरलेली भिंत छायाचित्रात काळवंडून जाई. अजिंठ्याच्या रंगांसाठी कुंचल्याला पर्याय अद्याप निर्माण व्हायचा होता.

सिडनहॅमची आग

गिल यांची चित्रे लंडनला पोहोचल्यावर ती सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या लोखंड व काचेच्या भव्य प्रदर्शनगृहात लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आली. युरोपातील प्रेक्षकांना अजिंठ्याच्या रंगांचे पहिले दर्शन या चित्रांतून घडले. ३० डिसेंबर १८६६ रोजी या इमारतीच्या उत्तरेकडील भागाला आग लागली आणि तेथे असलेली गिल यांची चित्रे जळाली. सुमारे वीस वर्षांच्या श्रमाचे फळ एका दिवसात नाहीसे झाले. प्रदर्शनात नसलेली चार-पाच चित्रे तेवढी बचावली.

जळालेल्या चित्रांचे स्वरूप आज काही अंशी कळते ते मिसेस स्पीयर यांच्या १८५६ मधील ‘लाइफ इन एन्शंट इंडिया’ या ग्रंथातील रेखाचित्रांवरून. गिल यांच्या प्रतिकृतींवरून जॉर्ज शार्फ यांनी ती लहान आकारात काढली होती. ती केवळ रेषांची आहेत. ज्या रंगांसाठी गिल यांनी आयुष्य वेचले, ते रंग त्यांत नाहीत.

अखेरची वर्षे

आगीनंतरही गिल यांनी हा प्रदेश सोडला नाही. दरम्यान १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत येऊन पुढे नागपूरला पोहोचली आणि एके काळी अतिशय दुर्गम असलेल्या अजिंठ्याकडे येणे सोपे झाले. १८७२ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास आले व त्यांनी नव्याने प्रतिकृतींचे काम आरंभिले. म्हणजे गिल यांच्या हयातीतच त्यांचे काम दुसऱ्या पिढीच्या हाती गेले. १० एप्रिल १८७९ रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी गिल यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे.

गिल यांच्यानंतरच्या प्रतिकृती

ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८८५ पर्यंत काम करून सुमारे ३०० तैलचित्रे सिद्ध केली. या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले चित्रकार होते. ही चित्रेही लंडनला गेली आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांपैकी अनेक जळाली. अजिंठ्याच्या प्रतिकृती दोनदा आगीत सापडाव्यात, हा दुर्दैवी योगायोग होय. उरलेल्या सामग्रीवरून ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

तैलरंगाचा पर्याय प्रथम जाणीवपूर्वक नाकारला तो क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांनी. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराच्या जुन्या तंत्रग्रंथाचा १८९९ मध्ये इंग्रजी अनुवाद करून त्यांनी टेम्परा पद्धतीच्या पुनरुज्जीवनाला हातभार लावला होता. १९०९ ते १९११ या काळात त्यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार, के. वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त, सय्यद अहमद व महंमद फझलुद्दीन आदी चित्रकारांच्या साहाय्याने प्रतिकृती केल्या. तैलरंगाऐवजी पाण्यात कालविलेल्या रंगांचा अवलंब केल्याने त्यांत रेषेला व मंद पृष्ठभागाला पुन्हा स्थान मिळाले. पुढे हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याजदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात रंगीत छायाचित्रांसह चार भागांचा ग्रंथ प्रकाशित केला.

नव्या द्रव्याचा प्रयोग प्रत्यक्ष भिंतींवरही झाला. १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने बोलाविलेल्या लोरेन्झो चेकोनी या इटालियन तज्ज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्याने सुटू लागलेला गिलावा पक्का केला आणि चित्रांवर लाखेचा लेप दिला. गिलाव्याला आधार मिळाला, ही त्यांची मोठी कामगिरी. परंतु तो लेप कालांतराने पिवळा पडला आणि मूळ निळे व पांढरे रंग त्याखाली झाकोळले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांना नंतर अनेक वर्षे असे लेप काळजीपूर्वक काढण्याचे काम करावे लागले. प्रतिकृतीवरील चुकीचा पर्याय फार तर प्रतिकृती बिघडवितो. मूळ चित्रावरील चुकीचा पर्याय मूळच धोक्यात आणतो. आधुनिक संवर्धनशास्त्रात नंतर काढून टाकता येईल असेच द्रव्य वापरावे, असा जो दंडक आहे, त्यामागे अशा अनुभवांची शिकवण आहे.

आजचे पर्याय

आज चित्रकलेचा विद्यार्थी पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची प्रतिकृती करावयास बसतो, तेव्हा त्याच्यासमोर बहुतेक सर्व मूळ रंगांचे कारखान्यात तयार झालेले पर्याय असतात. गेरूऐवजी इंडियन रेड किंवा लाइट रेड, पिवळ्या मातीऐवजी यलो ऑकर, लाजवर्दाऐवजी कृत्रिम अल्ट्रामरीन, हिरव्या मातीऐवजी टेर व्हर्ट या नावाने मिळणारे मिश्रण आणि चुन्याऐवजी विसाव्या शतकात प्रचारात आलेला टायटॅनियम व्हाइट. कृत्रिम लोहरंग व अल्ट्रामरीन हे रासायनिक दृष्ट्या मूळ द्रव्यांचे जवळचे नातेवाईकच आहेत. फरक आहे तो शुद्धतेचा. दळलेल्या लाजवर्दाचे कण लहानमोठे असतात व त्यांत चुनखडीचे पांढरे कणही मिसळलेले असतात. त्यामुळे त्याचा निळा किंचित धूसर व सौम्य दिसतो. कारखान्यातील अल्ट्रामरीनचे कण एकसारखे बारीक असून त्याची छटा तीव्र व जांभळसर असते. म्हणून जाणकार चित्रकार त्यात थोडी पिवळी माती व पांढरा मिसळून तिचा भडकपणा कमी करतात.

माध्यमाच्या बाबतीत मात्र शाळेतील साधा पोस्टर रंग हा गिल यांच्या तैलरंगापेक्षा अजिंठ्याच्या भिंतीला अधिक जवळचा आहे. तो पाण्यात कालविला जातो, त्याचे बंधक डिंकासारखे असते आणि वाळल्यावर तो चकाकत नाही. कंपनीने नेमलेल्या चित्रकाराला जो मंद पृष्ठभाग साधता आला नाही, तो आज इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्याच्या रंगपेटीतून सहज साधतो.

मूल्यमापन

गिल यांच्या प्रतिकृतींवर दोन प्रकारे विचार करता येतो. रंगाच्या निष्ठेच्या दृष्टीने पाहिले, तर माध्यमाची निवड त्यांना मूळ चित्रांपासून दूर नेणारी ठरली. मात्र त्यांनी पाहिलेल्या भिंती पुढच्या पिढ्यांना पाहावयास मिळाल्या नाहीत, हेही तितकेच खरे आहे. त्यांच्यानंतर गिलाव्याचे तुकडे गळून पडले, काही आकृती पुसट झाल्या, काही नाहीशा झाल्या. जेथे मूळच उरत नाही, तेथे अपुऱ्या पर्यायाने केलेली नोंदही साक्षीदाराचे स्थान घेते. गिल यांच्या उरलेल्या चित्रांचे महत्त्व यातच आहे. ती पाहताना त्यांतील निळा हा बदख्शानचा नव्हे आणि पांढरा हा चुन्याचा नव्हे, याचे भान ठेवावे लागते. ते भान ठेवले, की त्या रंगांच्या आड १८४० ते १८६० च्या दशकांतील अजिंठ्याची भिंत दिसू लागते.

फर्ग्युसन यांच्या नावाला विद्वत्तेचा आणि ग्रिफिथ्स यांच्या नावाला ग्रंथाचा आधार मिळाला. गिल यांच्या कामाला असा आधार लाभला नाही. त्यांचे कर्तृत्व ज्या कापडांवर होते, ती कापडेच जळून गेली. तरीही अजिंठ्याची चित्रे जतन करण्यायोग्य आहेत आणि त्यासाठी एखाद्याने आपले आयुष्य खर्ची घालावे इतकी ती मोलाची आहेत, ही गोष्ट त्यांनी आपल्या वर्तनाने प्रथम प्रस्थापित केली. १९८३ मध्ये युनेस्कोने अजिंठ्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

साहित्य व चित्रपटांत

अजिंठ्याजवळच्या पळसखेडचे कवी ना. धों. महानोर यांनी गिल व पारो यांच्या कथेवर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले. त्या काव्यावर आधारित ‘अजिंठा’ हा मराठी चित्रपट नितीन चंद्रकांत देसाई यांच्या दिग्दर्शनाखाली २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात पारोची भूमिका सोनाली कुलकर्णी यांनी केली. अजिंठा गावातील पारोची कबर आणि भुसावळ येथील गिल यांची कबर ही दोन्ही स्थळे या कथेमुळे अभ्यासकांबरोबरच सामान्य पर्यटकांनाही परिचित झाली आहेत.